शुश्रूषा करणाऱ्यांसाठी लेखन, चित्र, माती, सूर: किती, कसं आणि कुठे थांबायचं?

ओंजळ:

घरात दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचा एक छोटा गट आहे, आठ जणांचा. काहींचं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, काहींचं अलीकडेच गेलं. दर पंधरवड्याला भेट होते. मधल्या दिवसांत घरच्या घरी करता येईल असं लेखन, चित्र किंवा हाताचं काहीतरी काम त्यांना द्यायचं आहे. गटात कुणीही कलाकार नाही आणि कुणाला व्हायचंही नाही.

'मनातलं कागदावर उतरवा, हलकं वाटेल' हा सल्ला सगळीकडे मिळतो. प्रत्यक्षात काहींना लिहून मोकळं वाटतं, तर काही जण तेच ते उगाळत बसतात आणि वही मिटल्यावर आधीपेक्षा जड होतात. हे कशाने होतं आणि काय बदललं तर टळतं, ते नेमकं हवं आहे. लिहायला बसलं की ज्यांचा हात थिजतो त्यांना काय द्यावं? सलग वेळ कुणाकडेच नाही. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तीही आतून हाक आली की तुटतात. आणि हे कुणाला देऊच नये?

पायऱ्या, वेळ, साहित्य, काय बिघडतं, या अंगाने लिहिलंत तर फार उपयोग होईल.

कागदकाठ:

लिहिण्यापुरतं सांगायचं तर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगापासून सुरुवात करावी लागेल. ४६ विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं. काहींनी आयुष्यातल्या आघाताबद्दल फक्त घटना लिहिल्या, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही, आणि काहींनी अगदी किरकोळ विषयांवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्याझाल्या जास्त उदास होतं, रक्तदाबही चढलेला होता. पण पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. फक्त घटना लिहिणाऱ्यांत तसं दिसलं नाही.

म्हणजे लिहून उठल्यावर तास-दोन तास जड वाटणं अपेक्षितच आहे, आणि ते गटाला आधीच सांगून ठेवायला हवं. नाही सांगितलं तर माणूस पहिल्याच दिवशी 'याने आपल्याला त्रास होतो' असं ठरवून मोकळा होतो. काळजी कधी करायची? दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच ओझं तसंच असेल, झोप बिघडली असेल, तर. सलग दोन दिवस असं झालं तर विषय बदला किंवा लेखन थांबवा.

आता उगाळण्याबद्दल. पेनेबेकर यांनी पुढे लोकांच्या लेखनातले शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लेखनात दिवसागणिक कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले होते. मराठीत पाहायचं तर 'कारण', 'म्हणून', 'लक्षात येतंय', 'आता वाटतं'. ज्यांचं लेखन पहिल्या दिवशी जिथे होतं तिथेच चौथ्या दिवशी राहिलं, त्यांना फारसं काही मिळालं नाही. एक नमुना देतो.

पहिला दिवस: 'मी आईवर ओरडले. ओरडायला नको होतं. मी अशी का आहे? परत ओरडले.'

तिसरा दिवस, उगाळणारं लेखन: 'आजही तेच आठवतंय. मी वाईट आहे. मला जमत नाही.'

तिसरा दिवस, पुढे सरकणारं लेखन: 'तीन रात्री सलग झोप नव्हती म्हणून आवाज चढला. आईला ओरडण्यापेक्षा मी खोलीतून निघून गेले त्याचं जास्त लागलं असावं, कारण तिने नंतर दोनदा विचारलं, कुठे होतीस.'

शेवटच्या नमुन्यात दुःख कमी झालेलं नाही. पण एका गोष्टीची दुसरीशी गाठ पडली आहे आणि आई नुसती अपराधाची जागा न राहता माणूस म्हणून दिसू लागली आहे. नुसतं ओतत राहण्याने हे होत नाही. त्यासाठी दर दिवशी लिहिण्याचा कोन बदलावा लागतो, म्हणून 'रोज मनातलं लिहा' अशी मोकळी सूचना देऊ नका. चार दिवसांचा आराखडा द्या.

पहिल्या दिवशी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या गोष्टीमुळे बाकीच्या आयुष्यात काय हललं: नाती, काम, झोप, स्वतःबद्दलचं मत. तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट दुसऱ्याच्या जागेवरून, किंवा स्वतःला 'तो' किंवा 'ती' म्हणून. इथे स्वतःचं नाव वापरलं तरी चालतं. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत स्वतःशी 'मी' ऐवजी नावाने बोलणाऱ्यांना तणावाचा प्रसंग जास्त सावरून हाताळता आला. चौथ्या दिवशी मागे सरकून: यातलं काय अजून उमगलेलं नाही, काय उमगलं, आणि पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट वेगळी करून पाहायची.

वेळ रोज १५ मिनिटं, गजर लावून. हात थांबू द्यायचा नाही. सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. शुद्धलेखन, अक्षर, सलगपणा याकडे पाहायचं नाही. तेराव्या मिनिटाला विषय सोडायचा आणि उरलेली दोन मिनिटं आत्ता समोर काय आहे आणि लिहून उठल्यावर हात काय करणार आहेत ते साध्या वाक्यांत लिहायचं: 'पंखा चालू आहे. आता औषधाची वेळ. मग कपडे वाळत घालायचे.' ही दोन मिनिटं कुणी गाळू नयेत. लिहून थेट रुग्णाच्या खोलीत जायचं असेल तर त्यांच्याशिवाय माणूस तसाच उघडा-वाघडा आत जातो आणि पहिल्याच शब्दाला तुटतो.

मध्येच हाक आली तर वाक्य पूर्ण करायच्या फंदात पडू नका. अर्धं सोडून उठा. परत आल्यावर अर्धं वाक्य हाताला धरून ठेवतं, कोऱ्या ओळीपुढे मात्र परत सुरुवातीपासून झगडावं लागतं.

पेनेबेकर यांचा आणखी एक नियम गटाला पहिल्याच भेटीत सांगा: एखादा विषय लिहिताना आपण कोसळू असं वाटलं तर तो लिहू नका. आज झेपेल तेवढाच विषय घ्या. धाडस दाखवल्याचं इथे काही बक्षीस नाही.

परिणामाचा आकार किती, याबद्दल प्रामाणिक राहायला हवं. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी फायदा खरा होता, पण लहान. जिथे किमान तीन बैठकी होत्या, प्रत्येक बैठक किमान १५ मिनिटांची होती आणि लिहिणाऱ्याला एकांत होता, तिथे तो जास्त होता. या तीन अटी पाळणं आपल्या हातात आहे.

उलटही घडतं. २०१३ साली डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी जोडीदारापासून नुकतंच वेगळं झालेल्या लोकांवर प्रयोग केला. ज्यांना घडल्या गोष्टीचा अर्थ लावत बसण्याची सवय होती, त्यांना भावनांबद्दल लिहिल्याने सावरायला मदत झाली नाही. त्यांनी रोजच्या कामांबद्दल कोरडं लिहिलं तेव्हा ते जास्त सावरले. तुमच्या गटातले उगाळणारे कदाचित हेच असतील. त्यांना चार दिवसांचा आराखडाही देऊ नका. त्यांच्यासाठी दिवसभरात दिसलेल्या पाच गोष्टींची नोंद पुरे: रंग, आवाज, वास, भावनेचा एकही शब्द न वापरता.

ओला_कुंचला:

कागदकाठ यांनी लेखनाचं सविस्तर सांगितलंच आहे. हात थिजणाऱ्यांसाठी चित्र आणि माती.

पहिली गोष्ट, माध्यम निवडताना 'तुम्हाला काय आवडतं' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की हा माणूस सध्या भावनेने भरून वाहतोय की आतून बधिर झालाय? सॅन्ड्रा केगिन आणि व्हायजा लूसब्रिंक यांनी १९७८ साली कला-उपचारासाठी जी चौकट मांडली तिचा हा गाभा आहे. पातळ, वाहती माध्यमं भावना वर आणतात. ओले जलरंग, बोटांनी लावायचे रंग, पाणी जास्त असलेली माती ही त्यातली. कठीण, हाताला विरोध करणारी माध्यमं ताबा देतात: पेन्सिल, रंगीत पेन्सिली, पट्टी, कात्रीने कापून केलेलं कोलाज. भरून वाहणाऱ्याला कठीण माध्यम द्यावं, बधिर झालेल्याला हळूहळू ओल्याकडे न्यावं. हे उलटं केलं की बिघडतं. सारखं रडू येणाऱ्या माणसासमोर ओला कागद आणि मोठा कुंचला ठेवला, तर रंग हाताबाहेर पसरतो, त्याचा घाट राहत नाही, आणि 'इथेही माझ्या हातात काही नाही' हाच अनुभव पुन्हा येतो.

कठीण बाजूने सुरुवात अशी करता येईल. ए-४ कागदावर ताटली ठेवून साधारण १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं. मधून चार रेषा, म्हणजे आठ भाग. प्रत्येक भागात एकच नक्षी भरायची: ठिपके, तिरप्या रेघा, खवले, जाळी. रंग तीनच. वीस मिनिटं. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली हेच तपासलं. वर्तुळातली किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली, कोऱ्या कागदावर हवं ते रंगवणाऱ्यांची तेवढी नाही. चिंतेने पोखरलेल्याला 'मनाला येईल ते काढा' ही सूचना मोकळीक वाटत नाही. तो आणखी एक निर्णय होऊन बसतो, आणि शुश्रूषा करणारा माणूस दिवसभर निर्णयच घेत असतो.

ही नक्षी हाकेने तुटत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. तिसऱ्या भागात उठलात, रात्री चौथ्या भागापासून सुरू.

बधिर बाजूला असलेल्यांसाठी जलरंग. इथे कागदात काटकसर करू नका. छपाईचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद पाणी लागताच फुगतो, त्याचे बारीक गोळे निघतात, आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या, एका मोठ्या तावाचे आठ तुकडे करा. लहान तुकडा भीती घालत नाही. चारही कडा मास्किंग टेपने पाटावर चिकटवा. आधी स्वच्छ पाण्याने कागद ओला करा आणि पाण्याचं तळं दिसणार नाही, फक्त चमक दिसेल इतपत थांबा. मग एका रंगाचा थेंब टेकवा आणि तो पसरताना नुसता पाहा. दुसरा रंग पहिल्यापासून दोन बोटं लांब. तिसरा शक्यतो नको. एकमेकांविरुद्धचे तीन रंग ओल्यात मिसळले की मातकट चिखल होतो, आणि खिन्न माणूस त्या चिखलाचाही अर्थ लावतो. वाळल्यावर टेप काढली की पांढरी चौकट राहते. पसरलेल्या गोष्टीला काठ मिळाला, हे डोळ्यांना दिसणं फार मोलाचं आहे.

तेलखडू मधल्या पट्ट्यात येतात. जोर लावता येतो, राग काढता येतो आणि रेषा जिथल्या तिथे राहते. फक्त हा रंग कधीच पूर्ण वाळत नाही, शेजारच्या पानावर उमटतो. दोन चित्रांमध्ये बटर पेपर ठेवा.

माती: हवेत वाळणारी, मुठीत मावेल एवढी, ३०० ते ४०० ग्रॅम. पहिली पाच मिनिटं काही बनवायचंच नाही. दाबायची, पिळायची, पाटावर आपटायची, परत गोळा करायचा. मग अंगठ्याने मध्ये खळगा करून भिंत चिमटीत फिरवत वाटी. भिंत सगळीकडून साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवा. कुठे जाड, कुठे पातळ झाली तर पातळ भाग आधी वाळून आक्रसतो आणि सांध्यावर तडा जातो. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे गुळगुळीत करण्यासाठी सारखं पाणी लावणं. वरचा थर मऊ होतो, आतला घट्ट राहतो, वाळताना भेगा पडतात. बोट ओलं करून झटकून घ्या, तेवढं पुरे. मध्येच उठायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी काम पुढे नेता येतं. तरीही कुणाची वाटी तडकणारच. ते आधी सांगा आणि थोडी माती शिल्लक ठेवा. त्याच मातीची पाण्यात कालवून घट्ट लापशी केली की भेग बुजवता येते.

एक सावधगिरी. रुग्णाची स्वच्छता करावी लागणाऱ्या काहींना ओल्या मातीचा स्पर्शच नकोसा होतो. आग्रह करू नका. तेलातली खेळण्याची माती द्या, ती हाताला चिकटत नाही.

हातात कला नसण्याने बिघडत नाही, हे सांगताना आधार द्यायचा असेल तर गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ सालचा अभ्यास सांगता येईल. ३९ प्रौढ, ४५ मिनिटं, माती, कोलाज किंवा मार्कर. साधारण तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे तणावाशी निगडित संप्रेरक, कमी झालं आणि पूर्वी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून 'कलेने तणाव उतरतो हे सिद्ध झालं' असं म्हणू नका. 'यायला पाहिजे असं काही नाही', एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

तिसरा_प्रहर:

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत, पण एका गृहीताला हरकत घ्यायची आहे. दुःखाकडे वळलंच पाहिजे असा सूर या चर्चेत नकळत येतोय.

जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी लोकांना आधी उदास केलं आणि मग चित्र काढायला दिलं. काहींनी त्या उदासीचं चित्र काढलं, काहींनी तिच्याशी संबंध नसलेलं काहीतरी. संबंध नसलेलं काढणाऱ्यांचं मन जास्त सावरलं. म्हणजे घर, झाड, चहाचा कप काढत बसणं ही पळवाट समजू नये. त्या दिवसापुरतं तरी तेच जास्त उपयोगी ठरतं. दीर्घ शुश्रूषेत 'त्या दिवसापुरतं' याला फार किंमत असते.

ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांच्याबाबत मार्गारेट स्ट्रीब आणि हेन्क शुट यांची १९९९ सालची मांडणी लक्षात ठेवावी. शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालतो: एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा पुढच्या आयुष्याकडे. ही ये-जा चालू असणं हेच सावरण्याचं लक्षण. एकाच बाजूला अडकणं त्रासाचं. म्हणून कामं जोडीने द्या. आठवड्यात दोन दिवस आठवणींचं काम: न पाठवायचं पत्र, माणसाच्या हातांचं वर्णन, जुन्या फोटोंच्या झेरॉक्सचं कोलाज (मूळ फोटो कधीही कापू नका). दोन-तीन दिवस असं काम, ज्याचा त्या माणसाशी काहीही संबंध नाही: विणकाम, भरतकाम, कागदाच्या घड्या. बाकी दिवस सुट्टी, आणि सुट्टी खरंच सुट्टी.

विणकाम द्यायचं तर नवख्याला ४ किंवा ५ मिलिमीटरच्या सुया, मध्यम जाडीची फिक्या रंगाची लोकर, २० ते २५ टाके, साधा सुलट टाका, दोन्ही बाजूंनी. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत, निसटलेला टाका सापडत नाही आणि चिडचिड होते. तणावात माणूस टाके घट्ट ओढतो. सुई टाक्यात शिरेनाशी झाली तर जाड सुई घ्या, हाताला दोष देऊ नका. स्वेटरसारखं मोठं काम सुरुवातीला नको. अरुंद पट्टी, जी कधीही संपली म्हणता येईल.

न पाठवायच्या पत्राबद्दल एक व्यावहारिक सूचना. ते ईमेलच्या खिडकीत किंवा व्हॉट्सॲपवर लिहू नका, कागदावरच लिहा. जिवंत माणसाला उद्देशून असेल तर विशेषच. रात्री दोन वाजता चुकून दाबलेलं बटण वेळेत परत घेता येईलच असं नाही.

कागदकाठ:

तिसरा_प्रहर, हरकत मान्य. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं मात्र वाटत नाही. ड्रेक यांनी मोजलं ते चित्र काढून झाल्याझाल्याचं मन. पेनेबेकर यांच्या प्रयोगातही लिहून झाल्याझाल्या मन खालीच होतं, फायदा महिन्यांनी दिसला. आज रात्र पार पाडायची असेल तर विषय सोडून काहीतरी, आणि एखादी गोष्ट महिनोन्महिने टोचत असेल तर आठवडाभर घटका काढून चार दिवसांचं लेखन. एकाच माणसाला दोन्हींची गरज पडते. जोडीने द्यायची तुमची पद्धत म्हणूनच आवडली.

खर्ज:

आवाज राहिला. ज्यांचे हात दिवसभर गुंतलेले असतात त्यांच्यासाठी तोच सोयीचा. भांडी घासताना, रुग्ण झोपलेला असताना, कुठेही.

गुणगुणणं असं: ओठ मिटलेले, दात किंचित विलग, जबडा सैल. नाकाने सहज श्वास, मनात चार मोजेपर्यंत, आणि 'म्' वर सहा ते आठ मोजेपर्यंत सोडायचा. सूर खालचा, बोलण्याच्या पट्टीच्या जवळ. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी कंप जाणवला की जागा बरोबर आहे. पाच मिनिटं पुरेत. लोक छाती भरभरून श्वास घेतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास नेहमीएवढाच, सोडणं तेवढं लांब. घसा खरवडतोय असं वाटलं तर सूर वर गेलाय किंवा जोर जास्त लागतोय.

गाणी ऐकायची असतील तर यादी क्रमाने लावा. संगीतोपचारात आयरा आल्टशुलर यांच्यापासून चालत आलेली पद्धत अशी की आधी मन जिथे आहे तिथल्या सुरापासून सुरुवात, मग टप्प्याटप्प्याने जिथे न्यायचं तिकडे. पाच गाणी घ्या. पहिली दोन आत्ताच्या मनःस्थितीशी जुळणारी, तिसरं थोडं उजळ, शेवटची दोन शांत किंवा हलकी. उदास माणसाला थेट नाचरं गाणं लावलं तर तो ते बंद करतो. आणि पाचही उदास लावली तर तिथेच बसून राहतो. गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं यादीत नको, त्यासाठी वेगळी वेळ असू द्या.

नीरगाठ:

कुणाला देऊ नये, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून लिहीत आहे.

आघात अगदी ताजा असेल, म्हणजे पहिले काही आठवडे, तर त्याबद्दल खोदून लिहायला किंवा बोलायला लावू नये. आघातानंतर लगेच घेतल्या जाणाऱ्या 'सगळं सांगून टाका' प्रकारच्या बैठकींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. त्या काळात झोप, जेवण, सोबत आणि हाताला साधं काम. नक्षी, विणकाम, गुणगुणणं चालेल, चार दिवसांचं लेखन नाही.

प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असं ज्यांना होतं, लिहिताना जे भान हरपून शून्यात जातात, ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, ज्यांची झोप दोन-तीन तासांवर आली तरी अंगात प्रचंड उत्साह आहे, किंवा जे स्वतःला इजा करण्याबद्दल लिहू-बोलू लागले आहेत, त्यांना गटातलं काम देऊन वाट पाहत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जिवाचा धोका वाटला तर त्याच दिवशी, आणि त्यांना एकटं सोडू नका. मरणाचा उल्लेख दिसला तर सरळ विचारा, 'जीव संपवायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. चालू असलेली औषधं कुणी 'आता लिहून बरं वाटतंय' म्हणून बंद करू नयेत, हेही पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा.

लिहिताना-रंगवताना कुणी घाबरंघुबरं झालं तर: कागद पालथा घाला, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा, हातावर गार पाणी. आत काय आलं ते तेव्हा विचारू नका.

गटाच्या भेटीचं वेळापत्रक नव्वद मिनिटांचं असेल तर साधारण दहा मिनिटं स्थिरावायला, चाळीस मिनिटं काम, पंचवीस मिनिटं बोलणं, उरलेली पंधरा आवराआवर आणि निरोप. आवराआवर घाईत उरकू नका. कुंचले धुणं, टेबल पुसणं यात माणूस परत रोजच्या जगात येतो. बोलण्याच्या वेळी 'आज नको' म्हणायचा हक्क प्रत्येकाला, आणि त्याचं कारण विचारायचं नाही.

चित्राचा अर्थ सांगू नका, हे मनापासून सांगणं आहे. 'काळा फार वापरलात, निराश आहात का?' असं कुणी म्हटलं की तो माणूस पुढच्या वेळी मुद्दाम पिवळा वापरतो आणि काम तिथेच संपतं. काळा वापरायला दुसरं काही कारण नसेल, तोच खडू हाताशी असेल. विचारायचंच तर 'या कोपऱ्यात काय चाललंय, सांगावंसं वाटतंय का?' एवढंच. 'किती सुंदर!' सुद्धा टाळा. एकाला सुंदर म्हटलं की बाकीचे सात जण आपापला कागद झाकतात.

ओंजळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. हे छापून घेणार आहे. आता असं ठरवतोय: पहिल्या भेटीत सगळ्यांना वर्तुळाची नक्षी, आणि लेखन फक्त ज्यांना हवं त्यांना. उगाळणाऱ्या दोघांना पाच गोष्टींची नोंद. एक शंका राहिली. लिहिलेली पानं ठेवायची की नष्ट करायची? काहींना घरात कुणी वाचेल याची भीती वाटते, आणि त्या भीतीने ते खरं लिहीतच नाहीत.

कागदकाठ:

मग वही नको, सुटे कागद द्या. वहीतलं पान फाडताना माणूस कचरतो, सुटा कागद सहज जातो. फोनवर लिहिणारे असतील तर नोट्सचं ॲप घरातल्या दुसऱ्या फोनशी किंवा टॅबशी जोडलेलं नाही ना, ते आधी तपासायला सांगा. एकच खातं घरभर वापरलं जात असेल तर लिहिलेलं सगळ्यांच्या पडद्यावर दिसतं.

पाब्लो ब्रिन्योल आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या प्रयोगांत लोकांनी स्वतःच्या शरीराबद्दलचे विचार कागदावर लिहिले. ज्यांनी तो कागद कचऱ्यात टाकला, त्यांच्या नंतरच्या मतांवर त्या विचारांचा प्रभाव कमी राहिला. दुसऱ्या प्रयोगात कागद खिशात जपून ठेवणाऱ्यांवर तो वाढला. संगणकावर केलेल्या तिसऱ्या प्रयोगात लिहिलेलं टाकल्याची नुसती कल्पना केली तर काही उपयोग झाला नाही, प्रत्यक्ष टाकावं लागलं. म्हणून स्वतःला दूषणं देणारी पानं फाडावीत. चौथ्या दिवसाचं, काय उमगलं ते सांगणारं पान ठेवायला हरकत नाही.

फाडायचं तर उभं आणि आडवं, दोन्हीकडून, आणि तुकडे पाण्यात भिजवून लगदा करा. जाळणं टाळा. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर असेल तर अजिबात नाही. आणि पहिल्या बैठकीचं पान त्याच दिवशी फाडू देऊ नका. चार दिवस बंद पाकिटात राहू द्या, पाकिटावर तारीख. तिसऱ्या दिवशी लिहिताना पहिलं पान वाचायचं नसतं, पण चौथ्या दिवसानंतर ज्याला हवं त्याने दोन्ही शेजारी ठेवून 'कारण' आणि 'म्हणून' कुठे कुठे आलंय तेवढं पेन्सिलीने गोल करून पाहावं. मग फाडायचं की ठेवायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

ओला_कुंचला:

मातीच्या वाट्यांनाही हेच लागू. न भाजलेली माती पाण्यात ठेवली की काही तासांत विरघळते. नैसर्गिक माती असेल तरच, हवेत वाळणाऱ्या काही मातींमध्ये चिकटवणारा पदार्थ असतो, त्या नुसत्या मऊ होतात. पाकिटावर पाहून घ्या.